तोरणाचे सत्तावीस हात

“पुरत नाही! बाबा, तोरन पुरत नाही!”

माझी थोरली बहीण अनसूया देवीच्या वेशीच्या माथ्यावर उभी राहून ओरडत होती. खाली आमचा बाबा दोन्ही हात वर करून तिच्याहून मोठ्यानं ओरडत होता, “ओढ! आखीन ओढ पोरी!” वरून ती, “किती ओढू? चार हात कमी पडून राहिलं!” आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला डोंगर चढून आलेली सगळी दुनिया, म्हणजे अख्खं पातूर, अर्धं अकोला आणि भातकुलीहून खास आलेला अनसूयेचा होणारा सासरा, माना वर करून गप्प उभी होती. मी मायच्या मागं, तोंडासमोर आपट्याची फांदी धरून उभी होते. फांदीला पानं थोडी आणि माझं तोंड मोठं, ही त्या दिवसाची माझी पहिली अडचण. दुसरी अडचण अशी, की ते तोरण कमी का पडलं हे त्या सगळ्या डोंगरावर फक्त मला माहीत होतं. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं.

आता वेस म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माझी नातसून म्हणेल की आजी मधूनच सुरू करते. पातूरच्या डोंगरात एका सोंडेवर काळ्या दगडाची एक कमान उभी आहे. कोणी बांधली नाही, कोणी कोरली नाही. अकोल्याचे एक मास्तर दरसाल शाळेची पोरं घेऊन यायचे, ते सांगत की वारा-पावसानं हजारो वर्षं दगड खाल्ला आणि मधे भोक पडलं. आमच्या मळ्यात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, की देवी माहूरला निघाली होती, डोंगर आडवा आला, तिनं “सरक” म्हटलं, तो सरकला नाही, मग तिनं कोपरानं ढुसणी दिली आणि ती आरपार निघून गेली. उंची म्हणाल तर सकाळी बुडातून उडालेला कावळा दुपारच्या जेवणाला माथ्यावर पोचायचा. खरं विचाराल तर चार पुरुष उंच असेल, पण खरं मला कोणी विचारत नाही. माथा हातभर रुंदीचा, दोन्ही खांद्यांवर दगडाचा एकेक खुंटा, आणि खाली सात बैलगाड्या जोडीनं निघतील एवढं दार. बरं, दोन निघतील.

दसऱ्याला गावोगावची माणसं गावाची शीव ओलांडतात. आमच्याकडची माणसं डोंगर चढून या वेशीतून पलीकडं जात आणि आपटा लुटत. किती पिढ्यांचा हा परिपाठ होता कोणास ठाऊक. कमानीच्या पायाशी चढून आलेल्यांनी कोरलेली नावं होती, त्यातली कित्येक इतकी जुनी की ती अक्षरं आहेत की पाली सरकल्यात ते कळत नसे. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा त्या काळात जंगलखात्याचे गोरे साहेबसुद्धा टोप्या सावरत वर यायचे. आणि वाट जायची आमच्याच मळ्यातून. आम्ही जातीचे माळी. वांगी, मिरची, कांदा, आणि पावसाळा सरला की झेंडू. झेंडू असा, की भर दुपारी मळ्याकडं पाहिलं तर माणूस डोळे मिटून घेई. मोट कुरकुरायला लागली की आमचा दिवस उगवायचा. सूर्य मागाहून, मोटेचा आवाज ऐकून यायचा.

डोंगरावर जाणाऱ्यानं आमच्या विहिरीचं पाणी प्यायचं आणि उतरताना मायच्या हातचे रोडगे खायचे, हा अलिखित कायदा होता. गोवऱ्यांच्या आरात खरपूस भाजलेले रोडगे फोडून त्यात तूप, बाजूला वांग्याची भाजी, वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या ठेच्यानं एकदा अकोल्याच्या एका वकिलाला असा ठसका लागला, की त्याचा चष्मा उडून विहिरीत पडला. पुढं चार वर्षं आमच्या विहिरीतले बेडूक डोळे बारीक करून वर पाहायचे.

तर या वेशीला दसऱ्याच्या सकाळी झेंडूचं तोरण चढल्याशिवाय कोणी तिच्याखालून पाऊल टाकायचं नाही. तोरण आमच्या घरचं, आणि ते चढवायचं आमच्या घरच्या कुवार पोरीनं. तोरण खांद्यावर घेऊन तिनं एकटीनं कमानीच्या एका खांद्यावर चढायचं, तिथल्या खुंट्याला टोक बांधायचं, माथ्यावरून चालत दुसऱ्या खांद्यावर जायचं आणि तिथं दुसरं टोक बांधायचं. ती खाली उतरली की पहिलं सोनं तिला. म्हणजे आपट्याची पानं तिच्या हातात द्यायची आणि तिच्या पाया पडायचं, सगळ्यांनी. आमचा बाबा तहसीलदारापुढं फक्त मान खाजवायला वाकायचा. तो बाबा त्या दिवशी पोरीच्या पायांवर डोकं टेकवायचा.

तीन वर्षं ते पाय अनसूयेचे होते.

ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. गोरी, उंच, कमी बोलणारी. मी काळी, बुटकी, आणि बोलण्याचं तर तुम्ही पाहतच आहात. वर्षभर आम्ही दोघी सारख्याच. सारखीच वांगी तोडायची, सारखाच मार खायचा, एकाच गोधडीसाठी भांडायचं. पण दसऱ्याला ती देवी व्हायची आणि मी तिच्या चपला सांभाळायची. पहिल्या वर्षी बाबा वाकला तेव्हा मला वाटलं, काहीतरी पडलं असेल म्हणून उचलतोय. दुसऱ्या वर्षी माझ्या पोटात असं जळलं, की मायनं माझ्यावरच रोडगे भाजले असते तर दोन टोपल्या गोवऱ्या वाचल्या असत्या. तिसऱ्या वर्षी मास्तरांनी तिला एक छोटा आरसा बक्षीस दिला. अनसूया त्यात कधी पाहायची नाही. मी चोरून पाहायची आणि मला आतूनसुद्धा तीच दिसायची.

चौथ्या वर्षी माझी पाळी येणार हे ठरल्यासारखं होतं. अनसूयेची सोयरीक भातकुलीला जुळली होती, वैशाखात लग्न होतं. एकदा ती उजवली की कुवार पोरगी मी एकटी. मी मळ्याच्या बांधावरून डोक्यावर वेल घेऊन चालायचा सराव सुरू केला. बांध अरुंद नव्हता म्हणून विहिरीच्या काठावरून चालले, तेव्हा मायनं ओरडून ओरडून तीन मळ्यांतले पोपट उडवले. आणि चैत्रात भातकुलीला नवरदेवाचा आजा वारला. लग्न गेलं दिवाळीपलीकडं. माणूस नव्वद वर्षांचा होता, नव्वद वर्षं जगला तो दोन महिने आणखी थांबला असता तर काय बिघडत होतं? मी त्या म्हाताऱ्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्यासाठी आमच्या घरात माझ्याइतकं कोणी रडलं नाही.

“गोदी, तू काहून रडून राहिली वं?” मायनं विचारलं.

“मेला ना तो.”

“तुह्या कोन लागे?”

मी आणखी मोठ्यानं गळा काढला.

त्यात भातकुलीहून निरोप आला की व्याही स्वतः दसऱ्याला येणार, सूनबाई तोरण कशी चढवते ते डोळ्यांनी पाहणार. बाबानं अनसूयेसाठी अकोल्याहून हिरवं लुगडं आणलं. माझ्यासाठी त्याच दुकानातून आणली एक फणी.

आता मी पन्नास वर्षं जे सांगत आले ते बाजूला ठेवते आणि झालं तसं लिहिते. तोरणाचं माप होतं सत्तावीस हात, आणि हात म्हणजे आमच्या आज्याचा हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आजा असा लांब हातांचा, की न वाकता गुडघा खाजवायचा. तो गेला तेव्हा त्याचा हात जाऊ नये म्हणून त्याच्या मापाची एक पळसाची काठी करून ठेवली होती. आम्ही माळी माणसं, आमचं सगळं हातावर मोजायचं. बाजारात हार विकताना ज्याचा हात आखूड त्याचा नफा जास्त. पण देवीला आखूड हात चालत नाही, म्हणून ती काठी. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सकाळी काठीनं अंबाडीची दोरी मोजून घ्यायची, मग काठी इतर हत्यारांबरोबर पूजेत ठेवायची, आणि दोरीवर दिवसभर झेंडू नि आंब्याची पानं गुंफत बसायचं. दोरी मोजायचं काम माझं, कारण चौथीपर्यंत शिकलेली मीच.

त्या सकाळी मी दोरी घेऊन गोठ्यामागं बसले आणि नुसती बसून राहिले. बाबानं हाक मारली, “गोदे, झालं का मोजून?” मी म्हटलं, “मोजून राहिली.” तेवढ्यात अनसूयेनं खुंटीवरची काठी काढली, विळा, कुदळ, खुरपं यांच्या शेजारी पाटावर मांडली, आणि सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत. म्हणजे आता काठी मागायची सोयच उरली नाही. मला कोणी पकडलंच तर सांगायला कारण तयार होतं, ‘काठी पूजेत होती, मी काय करू?’ हे कारण आधी सुचलं आणि पाप मागाहून केलं, हे मात्र कबूल करते. मी माझा हात दोरीवर टाकला. माझा, बुटकीचा. एक, दोन, तीन, सत्तावीस. मोजणीत एका हाताचीसुद्धा चूक नाही.

संध्याकाळी तोरण गुंफून झालं. वेटोळं घालून ओल्या फडक्याखाली ठेवलं, तेव्हा अनसूया आली. फडकं उचललं, वेटोळं दोन्ही हातांनी जरासं उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं.

“सत्तावीस?” तिनं विचारलं.

“सत्तावीस,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाली आणि चुलीकडं गेली.

दसऱ्याच्या सकाळी तिनं एक चमत्कारिक गोष्ट केली. हिरवं लुगडं घडीतच ठेवलं आणि मायचं जुनं तांबडं लुगडं नेसून आली. धुऊन धुऊन इतकं विरलं होतं, की त्यातून चंद्र पाहता आला असता.

माय किंचाळली, “पाव्हने येऊन राहिले अन् हे पोतेरं काहून नेसली वं? लाज आनतं काय आमाले?”

“चढाले हेच बरं पडते,” अनसूया म्हणाली. आणि ती एकदा म्हणाली की संपलं.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तोरण आखूड, लुगडं जुनं. देवी स्वतः माझ्या बाजूनं उतरली होती.

आम्ही चढायला लागलो. पुढं डफडं, मग बाबा, मग तोरण खांद्यावर घेतलेली अनसूया, आणि मागं सगळा लवाजमा. टणटणीची झुडपं, ओढ्यातलं गुडघाभर पाणी, ओल्या गवताचा वास. भातकुलीचा व्याही अंगानं भारी, लाल पगडीचा, दर वीस पावलांवर थांबून सगळ्यांना सांगत होता की तो दमला नाही, नजारा पाहतोय. अर्ध्या चढणीवर तो बाबाला म्हणाला, “शकुन पाहाले आलो म्या. माह्या बापाचं वरीस फिरलं नाही आजून. घरात येनारीच्या हातून आज सारं बिनघोर झालं, तं दिवाळीनंतर बार उडवू. नाही तं...” आणि तो पुन्हा नजारा पाहायला थांबला.

ते ‘नाही तं’ माझ्या कानावर पडलं. एवढा वेळ मी फक्त अनसूयेची फजिती डोळ्यांसमोर आणली होती, पुढचा हिशोब केलाच नव्हता. तोरण पडलं कमी, व्याही गेला उठून, मोडली सोयरीक, तर अपशकुनी म्हणून नाव झालेल्या अनसूयेला कोण करणार? ती राहणार कुवार. कुवार राहिली की पुढच्या दसऱ्याला तोरण तिचं. त्याच्या पुढच्याही. मी म्हातारी होईपर्यंत तिच्या चपला सांभाळणार! असं उलटं गणित जगात कोणी मांडलं नसेल. बहिणीचं आयुष्य उठेल हेही मनात आलं. पण ते दुसऱ्या क्रमांकानं आलं, आणि ते तसंच लिहायला पाहिजे.

मी धावत पुढं गेले. “अनसे, अनसे, ते तोरन मले दे, म्या नेते.”

“काहून?”

“जड आहे.”

“फुलं हायेत,” ती म्हणाली, आणि चालत राहिली.

तर अशी ती वर पोचली, पहिलं टोक बांधलं, आरडाओरडा झाला, आणि आपण पुन्हा सुरुवातीच्या जागी आलो. ती पलीकडच्या खांद्यावर उभी, एका हातात तोरणाचं टोक, आणि टोक व खुंटा यांच्यामध्ये चार हातांचं आभाळ. व्याह्यानं पगडी काढून काखेत धरली. कोणीतरी म्हातारं पुटपुटलं, “अपशकुन झाला बाप्पा.” मायनं माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. बाबाचे वर केलेले हात हळूहळू खाली आले.

मग अनसूयेनं पदराचा काठ दातांत धरला आणि टर्रकन फाडला. तो आवाज खालपर्यंत आला. मी तर म्हणते अकोल्यापर्यंत गेला. विरलेलं कापड, सरळ लांबच लांब चिरत आलं. तांबड्या काठाची पट्टी तिनं तोरणाच्या टोकाला बांधली, गाठ ओढून पाहिली, पट्टीचं दुसरं टोक खुंट्याला दोन वेढे देऊन आवळलं आणि हात झटकले. झेंडूचं तोरण वेशीवर झुललं, एका बाजूला तांबडी चिंधी वाऱ्यावर फडफडत. मग भातकुलीच्या व्याह्यानं अशी आरोळी ठोकली, की समोरच्या डोंगरावरची माकडं दसरा सोडून पळाली.

“अरे, हे पोरगी पाह्य! सोताचं लुगडं फाडलं पन काम नाही सोडलं! अन् नवं घालून मिरवली नाही, जुनंच नेसून आली. मले असीच सून पायजे. दिवाळीपतोर तरी काहून थांबा?”

आणि तो भारी देह तिच्या पायांवर वाकला. त्याला उठवायला तिघं लागले. बाबा वाकला, तो रडत होता. मास्तरांनी पोरांना रांगेत उभं करून भाषण दिलं. म्हणजे मी तिला वेशीवरून पाडायला गेले आणि तिची उंची आणखी चार हात वाढवून ठेवली. उतरताना माय सगळ्यांना सांगत होती, “देवीनंच मांगून घेतली चिंधी.” मी रोडगा खाल्ला नाही. दोन खाल्ले, पण चव नव्हती.

पुढच्या दसऱ्याला ती सासरी होती आणि माझी पाळी आली. दोरी मी आज्याच्या काठीनं तीनदा मोजली. मी नवंकोरं नारिंगी लुगडं नेसले, बाबाच्या मागं लागून लागून आणवलेलं. एका खुंट्याला गाठ मारली, माथ्यावरून चालत गेले, दुसऱ्या खुंट्याला गाठ मारली, बरोबर, बिनचूक, सत्तावीस हात. आणि खाली पाहिलं की आता जयजयकार होईल. तर खालून एक म्हातारी ओरडली, “चिंधी कुठं हाय वं? अनसूयेनं वाहली तशी चिंधी वाह्य!” मग सगळेच. बाबासुद्धा खुणा करत होता, फाड, फाड. नव्या लुगड्याचा काठ दातांनी फाटत नाही. मला तो दगडावर घासावा लागला, शिव्या देत. खाली लोकांना वाटलं मी मंत्र म्हणतेय.

गेल्या वर्षी नातवानं मला गाडीतून डोंगराच्या पायथ्याशी नेलं. आता पाठीवर पिशव्या अडकवलेली पोरं-पोरी येतात, फोटो काढतात. वाट दाखवणारा एक तरुण त्यांना सांगत होता, की तोरणाला लुगड्याची चिंधी जोडायची ही प्रथा पांडवांच्या काळापासून आहे, द्रौपदीनं सुरू केली. मी दगडावर बसून ऐकत होते. माझ्या थापांना आजवर कोणी हात लावला नव्हता, पण हे पोरगं माझ्याही वरताण निघालं. तिथंही माझं नाव कुठंच नाही. काम माझं, नाव द्रौपदीचं.

मला राहवलं नाही. परत धामणगावला, माझ्या सासरी, जाताना नातवाला म्हटलं, गाडी भातकुलीला घे. अनसूया ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पाठ वाकली आहे, पण अजून माझ्याहून उंचच. मी तिच्यापुढं बसले, तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. गोठ्यामागची दोरी, माझा बुटका हात, भातकुलीच्या मेलेल्या म्हाताऱ्यासाठी काढलेलं रडं, आरसा, सगळं. “अनसे, तोरन म्या मुद्दाम आखूड केलं व्हतं. आज्याच्या काठीले हातच नाही लावला.” मी पदरानं डोळे पुसले. पन्नास वर्षांचं ओझं, तेही मीच वाढवून वाढवून साठ वर्षांचं केलेलं, एकदाचं उतरलं होतं.

तिनं शेंगेतली एक अळी चिमटीत धरून अंगणात टाकली.

“मले मालूम व्हतं,” ती म्हणाली. “तू मोजूनच राहिली व्हती, अन् काठीवरलं कुकू हललं नव्हतं. म्हून तं जुनं लुगडं नेसली.”